सहावा कप्पा

आमच्या वाचनालयाच्या माडीवर एक लहानशी संग्रहालयाची खोली आहे. तिथं खिडकीजवळच्या टेबलावर, काचेखाली, कापसाच्या नमुन्यांची एक सागवानी पेटी ठेवली आहे. पेटीला सहा कप्पे. पाच कप्प्यांत कापसाचे पुंजके आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. सहावा रिकामा. शाळेची मुलं खोली बघायला येतात तेव्हा भरलेल्या पाचांशी त्यांना काही घेणंदेणं नसतं, बोट नेमकं सहाव्यावर. "मॅडम, यातलं कुठं गेलं?" मी सांगते, कीड लागली होती. इतकी वर्षं सांगत आले, की आता जीभही अडखळत नाही. नोंदवहीत खरं लिहिलेलं आहे, पण नोंदवही उघडून कोण वाचतं? त्यातला कापूस मी माझ्या हातानं काढून कचऱ्यात टाकला. माझे बाबा आणि एक बाई, अशा दोन माणसांना त्या पुंजक्याची फार गरज होती.

पेटी बाबांची. बाबा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची बैलगाडी आवारात आली, की तिच्यातला कापूस कोणत्या दर्जाचा हे ठरवणं त्यांचं काम. नोकरीत त्यांच्या पार उमरखेडपर्यंत बदल्या झाल्या, पण माझ्या आठवणीतलं आवार आमच्या गावचंच. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि तिथंच रेंगाळायची. बाबा गाडीवर चढत आणि कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस काढत. वरचा कापूस कुणीही चांगला ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. डाव्या तळहाताला जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा तुकडा बांधलेला असे. दोन अंगठ्यांच्या चिमटीत पुंजका धरून ते ओढत, जुळवत, पुन्हा ओढत, आणि हाती आलेले धागे त्या काळ्या कापडावर निजवून त्यांची लांबी बघत. मग मान वर करून ओरडत, "सुपर!" टेबलाशी बसलेला कारकून तेच पुन्हा ओरडून पावतीवर लिहीत असे. सुपर म्हणजे वरचा दर्जा, फेअर म्हणजे त्याच्या खालचा. घरात बाबांचा आवाज इतका हळू, की आई म्हणायची, "मीठ मागून राह्यले का देवाचं नाव घेऊन राह्यले, काही समजत नाही." आणि तिकडे तोच माणूस असा ओरडायचा, की सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. मला त्या ओरडण्याचा फार अभिमान होता.

त्यांचा एकच नियम होता आणि तो आम्ही जेवताखाता ऐकलेला होता: हातात कापूस असल्याशिवाय ग्रेड बोलायची नाही. ओळखीचा शेतकरी असो, कालच्याच शेतातला माल असो, हातात कापूस पाहिजे. बघून झालेला पुंजका ते शर्टाच्या खिशात टाकत. संध्याकाळी घरी आले, की खिसा टम्म फुगलेला असे. आई तो रिकामा करून घेई, सरकी वेगळी काढी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसून वाती वळी. आमच्या देवापुढचा दिवा तालुक्यातल्या झाडून सगळ्या शेतांच्या कापसावर जळत होता. बाबा घरी बसल्यावर आईनं पहिल्यांदा दुकानातल्या वाती आणल्या, तेव्हा या वाती तेल नीट पीत नाहीत म्हणून ती कितीतरी दिवस कुरकुरत होती.

मग ते कापसाचे वाईट हंगाम आले. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मोठ्या शहरांतून माणसं येऊन लिहून गेली, म्हणून मी फक्त आमच्या गेटापुढचं सांगते. गाड्यांची रांग केंद्रापासून बस स्टँडच्याही पलीकडे जायची. माणसं दोन-दोन, तीन-तीन दिवस रांगेतच राहायची, गाडीखाली सावली धरून बसायची, तिथंच तीन दगडांची चूल मांडायची. गोदामात जागा नसायची. बाबांना रस्त्यात रामराम करणारे कमी झाले. पूर्वी ते बाजारात गेले की अर्धी पिशवी ओळखीनंच भरायची, आता ते आईलाच बाजाराला पाठवू लागले.

अशाच एका हंगामातली ही गोष्ट. मला ती फार उशिरा कळली, पण इथंच सांगते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. त्या दिवशी सकाळी वरचा एक साहेब येऊन तोंडी सांगून गेला होता, आज सुपर बंद, जे येईल ते फेअर. लेखी काही नाही. दुपारी बोरी अरबकडच्या एका खेड्यातली गाडी आली. बरोबर नवरा-बायको. बाबांनी गाडीत हात खुपसला आणि बघायच्या आधी त्यांना कळलं. कापसात पानाचा चुरा नाही, काडी नाही, डाग नाही. दव सुकेपर्यंत थांबून, एकेक बोंड बघून वेचलेला माल. धागा कापडावर निजवला तर असा लांब, की बाबांनी मोजायला म्हणून दुसऱ्यांदा निजवला. मग त्यांनी मान वर केली आणि ओरडले, "फेअर!"

बाई पुढे आली. म्हणाली, "साहेब, अजून एक डाव पाहा ना." बाबांनी पाहिलं नाही. ते पुढच्या गाडीकडे वळले. पाठीमागे नवरा तिच्यावर खेकसला, "तुह्या वेचणीनं घात केला!" ते बाबांना स्पष्ट ऐकू आलं, तरी ते वळले नाहीत. तो पुंजका मात्र त्यांनी खिशात टाकला नाही. ऑफिसात नेऊन नमुन्याच्या पेटीतल्या रिकाम्या सहाव्या कप्प्यात ठेवला. चिठ्ठी लिहिली नाही. फेअर लिहिणं खोटं होतं आणि सुपर लिहायची हिंमत नव्हती. त्या संध्याकाळी त्यांचा खिसा रिकामा होता, हे मला आठवतं, कारण आई म्हणाली होती, "आज काय कापूस पाह्यलाच नाही का?" बाबा हातपाय धुवायला मोरीत गेले.

पुढे केंद्र बंद पडलं आणि बाबा मुदतीआधीच घरी बसले. तिथलं लाकूडसामान भंगारात निघालं, त्यातून ही पेटी त्यांनी रीतसर विचारून घरी आणली. कपाटावर ठेवली. आईलाही पुसू देत नसत. आम्हाला वाटायचं, नोकरीची आठवण आहे, असू दे.

काही वर्षांनी वाचनालयात व्याख्यानमाला ठरली. ती हौस आमच्या अध्यक्षांची. तीन दिवस, विषय सांस्कृतिक वारसा आणि संग्रहालयाचं व्यवस्थापन. माडीवरच्या खोलीत तेव्हा मोडक्या खुर्च्या पडलेल्या होत्या. तिथं गावाचं संग्रहालय करायचं अध्यक्षांनी मनावर घेतलं होतं. मी ग्रंथपाल, म्हणजे खुर्च्या लावण्यापासून आभारापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. गाव असं हवालदिल झालेलं, त्यात वारसा ऐकायला कोण येणार, असं मला वाटत होतं. पण कॉलेजनं मुलांची हजेरी लावली, पेन्शनर मंडळी चहाच्या वासानं आली, आणि हॉल भरला. अध्यक्षांनी पाहुण्यांचा परिचय इतका लांबवला, की पाहुण्यांनीच दोनदा घड्याळ पाहिलं.

पाहुण्या नागपूरच्या. सगळी नोकरी संग्रहालयात करून निवृत्त झालेल्या. सुती साडी, बारीक अंगकाठी, बोलणं एकदम सरळ. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात कळंबच्या चिंतामणीचं कुंड आलं तेव्हा हॉल खूश झाला, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, वारसा म्हणजे फक्त राजाची तलवार नव्हे, तुमच्या गोठ्यात पडलेलं वखरसुद्धा वारसाच आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "मंग तं आमी लय श्रीमंत हाओ, मॅडम," आणि सगळे हसले, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापन. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. वस्तूला क्रमांक कसा द्यायचा, नोंद कशी करायची, कसर आणि वाळवी कशी ओळखायची, लोकांना हात लावू न देता वस्तू कशी दाखवायची. ज्या वस्तूची ओळख लिहिलेली नाही ती वस्तू नसून अडगळ आहे, असं त्या म्हणाल्या, ते मी दोनदा अधोरेखित केलं. मला मुळातच नीटनेटकेपणाचं वेड. कुणी पुस्तकाचं पान दुमडलं, तर मी त्या माणसाशी आठवडाभर धड बोलत नसे. ते व्याख्यान ऐकताना मला वाटलं, ही बाई खास माझ्यासाठी एवढ्या लांब आली आहे.

तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी आपली एकेक वस्तू आणून तिच्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं. बाबांनी नाव दिलं होतं. घरात कुणाचा विश्वास बसेना. हा माणूस लग्नाच्या पंगतीत आग्रहाला 'नको' म्हणायलाही आईकडे बघायचा. पण त्यांनी जुन्या डायरीच्या पानांवर मुद्दे काढले, मला घड्याळ घेऊन समोर बसवलं आणि चार दिवस तालीम केली. पहिला कप्पा, दुसरा कप्पा, असं करत पाचव्यापर्यंत यायचे आणि थांबायचे. "आणि सहावा?" मी विचारायची. "तो तिथंच सांगीन," ते म्हणायचे. मला वाटलं, विसरतात आणि लपवतात.

त्याच्या आदल्या आठवड्यात ते बोरीच्या बाजाराला जातो म्हणून एसटीनं गेले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दुपार टळल्यावर आले ते रिकामी पिशवी घेऊन. आई म्हणाली, "बाजार कराले गेलते का बाजार पाहाले?" बाबा म्हणाले, वांगी चांगली नव्हती. "माघात वांगी चांगली नाहीत?" असं म्हणून आईनं त्यांची दोन दिवस पाठ धरली. खरं तर ते बाजारात गेलेच नव्हते. ते त्या बाईचं खेडं शोधत गेले होते. नवरा मधल्या काळात आजारानं वारला होता. बाबांनी तिला एवढंच सांगितलं, की मी वाचनालयात कापसाबद्दल बोलणार आहे, तुम्ही या. ती "पाहू" म्हणाली.

दुसऱ्या दिवसाचं व्याख्यान संपल्यावर मी घरी आले ती थेट कपाटाकडे. बाबा फिरायला गेले होते. पेटी खाली घेतली, झाकण उघडलं. आत धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. पाच कप्प्यांतला कापूस बरा होता. तो मी हलक्या हातानं झटकला. चिठ्ठ्या फाटायला आल्या होत्या, त्या माझ्या वळणदार अक्षरात नव्यानं लिहिल्या. सहाव्यात एक पिवळट पुंजका, दोन सरक्यांसकट. चिठ्ठी नाही. ओळख नाही. मी तो चिमटीत धरून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. रिकामा कप्पा बरा दिसेना, म्हणून औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणली आणि त्यातला पांढराशुभ्र कापूस भरला. चिठ्ठीवर काय लिहावं ते सुचेना, तर लिहिलं, 'शुद्ध कापूस'. मग पेटीला खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि वर काच ठेवून दोरीनं बांधली. बाबा आले आणि लांबूनच म्हणाले, "चमकवली की पेटी!" त्यांना बरं वाटलं, म्हणून मलाही फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, एक अनोळखी बाई येऊन बसली. पांढरे केस, मांडीवर कापडी पिशवी, गाडी चुकेल अशा घाईनं खुर्चीच्या टोकाला टेकलेली. बाबा व्यासपीठावर चढताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिनं मान हलवली, एवढं मला दिसलं.

बाबांनी दोरी सोडून काच बाजूला ठेवली. पाहुण्या हसून म्हणाल्या, "हात न लावता दाखवलं तर बरं." बाबा म्हणाले, "माफ करा मॅडम, पण कापूस हात लावल्याबिगर समजतच नाही." हॉलमध्ये हशा झाला, पाहुण्याही हसल्या. मी चमकून बघितलं, कारण तो घरचा आवाज नव्हता, आवारातला होता. त्यांनी खिशातून छत्रीच्या कापडाचा तो जुना तुकडा काढून तळहाताला बांधला. पहिल्या कप्प्यातला पुंजका ओढून दाखवला आणि मग सरळ समोरच्यांच्या हातात दिला. आमचे जुने हेडमास्तर दोन अंगठ्यांत कापूस धरून लहान मुलासारखे ओढत बसले. मागची मुलं पुढे आली. पाहुण्या स्वतः उठून आल्या, त्यांनीही धागा ओढून पाहिला आणि म्हणाल्या, माझं कालचं अर्धं व्याख्यान यांनी खोडून काढलं. बाबांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पाचवा कप्पा झाला. बाबा घोटभर पाणी प्यायले, तिसऱ्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाले, "आता हा सहावा. याच्यासाठीच मी आज उभा राहिलो."

हात कप्प्यात गेला. पुंजका बाहेर आला, पण काळ्या कापडापर्यंत पोचायच्या आधीच बोटं थांबली. डोळ्यांना नंतर दिसलं, बोटांना आधी कळलं. त्यांनी तो उलटा केला, सरकी चाचपून पाहिली, नव्हती. मग खालची चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेला नोंदवही घेऊन बसले होते आणि खुशाल हसत होते. मला वाटलं, पेटी किती छान झाली ते बाबा मला नजरेनं सांगताहेत.

हॉल वाट बघत होता. खांबाजवळची बाई जराशी पुढे सरकली. बाबांनी पुंजका परत ठेवला, काच झाकली आणि घरच्या आवाजात म्हणाले, "एवढंच. आभारी आहे."

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. बाबा तसेच, शाल खांद्यावर आणि नारळ हातात, दाराकडे गेले. ती बाई पिशवी काखेत मारून उभी होती. दोघं समोरासमोर उभे राहिले. बाबांनी नारळ तिच्या हातात दिला आणि हात जोडले. ती म्हणाली, "येतो साहेब. बोरीची गाडी निघून जाईन." आणि गेली.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "सहाव्यातला कापूस कुठाय?"

"तो? टाकून दिला. पिवळा पडला होता, चिठ्ठीही नव्हती."

"सरकी होती त्यात?"

"होती. दोन."

"हो. दोनच होत्या," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. मग त्यांनी मला ते सगळं सांगितलं, जे मी वर सांगितलं आहे. सांगून झाल्यावर मी पळत परसात गेले. टोपली रिकामी होती. आईनं त्यातला कचरा सकाळीच पाणी तापवायच्या चुलीत घातला होता. मी राख काडीनं उकरली. आपण काय शोधतोय हेही मला कळत नव्हतं, कापूस जळल्यावर मागे काय राहतं? आई विचारत होती काय हरवलं, आणि मी उकरतच होते.

बाबा मला एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी जाते त्यांच्या गावी, मी सांगते. ते म्हणाले, "नको. मीच जाईन पुढच्या बाजाराले." थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "हातात होता तेव्हा खोटं बोललो. आता हातात कापूस नाही, तर ग्रेड कशी बोलू? म्हातारपणी मनाले बरं वाटावं म्हणून गोड बोलून राह्यला, असंच वाटेल तिले."

त्यांना दमा होता. इतक्या वर्षांची कापसाची धूळ छातीत बसलेली. उन्हाळ्यात तो वाढला. प्रत्येक बाजाराच्या दिवशी ते सकाळी पिशवी काढून ठेवत आणि दुपारी परत खुंटीला लावत. त्या वर्षीचा पोळा त्यांनी पाहिला नाही.

त्यानंतर मी लगेच जायला हवं होतं. मी गेले नाही. आधी दिवस करायचे होते, मग आईची तब्येत, मग वाचनालयाची तपासणी. कारणं माझ्याकडे पुस्तकांसारखी ओळीनं लावलेली होती. खरं कारण एकच, मला तिच्यासमोर उभं राहायची भीती वाटत होती. माडीवरची खोली तयार झाली, तिथं पेटी ठेवली. दुकानातला कापूस मी काढून टाकला होता. दोन वर्षांनी त्याच पाहुण्या पुन्हा व्याख्यानाला आल्या, खोली बघितली आणि नोंदवही चाळताना थांबल्या. सहाव्या कप्प्यापुढची ओळ कोरी होती. त्या म्हणाल्या, "जागा रिकामी असेल तर तीही नोंदवायची असते. का रिकामी आहे, ते लिहा." मी पेन हातात घेतलं. ते लिहायचं तर आधी कुणाला तरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी बोरीची गाडी धरली.

बोरीहून पुढे तिच्या खेड्यात गेले. तिचं घर बुद्धविहाराच्या पलीकडे होतं. ती अंगणात तूर पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, साहेब गेले हेही सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मला बस म्हणाली नाही, आणि मलाही बसवेना. मी उभ्यानंच सांगत गेले. वरच्या साहेबाचं तोंडी फर्मान, सहावा कप्पा, आमच्या घरची चूल.

सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे सुपर होता."

"हो."

"मले मालूम होतं. माह्या हातचा कापूस मले नाही समजन का?" तिनं पदरानं नाक पुसलं. "पण आमचे हे मरेपर्यंत म्हणत राह्यले, का तुह्या वेचणीनं फेअर गेला. लोकायच्या वावरात वेचाले गेली, का बाया हासे. हिच्या ओळीत नका लागू म्हणे, हिचा कापूस फेअर असते. दहा वेळा आयकलं असन मी. मंग साहेब घरी आले, या म्हणाले. मी दिराले सांगून आलती, का साहेब माह्या कापसावर बोलणार हाय. अन थे बोललेच नाही. नारळ देल्ला. मले नारळ कायले पायजे होता?"

"त्यांच्या हातात तो कापूस नव्हता," मी म्हटलं. "मी फेकला होता. दाखवायला काहीच नव्हतं."

"दाखवाले? मले कायले दाखवा लागते बाई? मीच तं वेचला होता थो. मी तं आयकाले आलती."

एवढी साधी गोष्ट ना बाबांना सुचली ना मला. तीन दिवस आम्ही वस्तू कशी जपायची ते ऐकत होतो, आणि ती बाई एसटीनं येऊन एक शब्द ऐकायला खांबाजवळ बसली होती. मी रडले. कपाळकरंटीसारखं तिच्याच अंगणात, तिच्यासमोर रडले. मग काहीतरी करायला हवं म्हणून म्हटलं, तसा कापूस असेल तर थोडा द्या, सहाव्या कप्प्यात तुमच्या नावानं ठेवते.

"थो कुठला आता?" ती म्हणाली. "थे बियाणंच राह्यलं नाही. आता समदं पाकिटातलं." म्हणजे त्या वाणाचा आमच्याकडे उरलेला शेवटचा पुंजका आणि शेवटच्या दोन सरक्याही मीच चुलीत घातल्या होत्या. वारशाच्या व्याख्यानाचे मुद्दे वहीत उतरवून घेतल्यावर.

ती उठून उभी राहिली. म्हणाली, "असं करा. बोला."

"काय बोलू?"

"साहेब बोलत होते तसं. मोठ्यानं."

माझ्या हातात कापूस नव्हता. मोठ्यानं बोलायची मला सवयही नाही, वाचनालयात तर मीच सगळ्यांना गप्प करते. पहिल्यांदा तोंडातून नुसती हवा आली. ती म्हणाली, "आयकू नाही आलं." मग मी मान वर केली आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "सुपर!"

पलीकडच्या घरातून एक म्हातारा, कोण ओरडलं म्हणून, दारात आला. तो तिचा दीर होता. ती त्याच्याकडे वळली आणि टेबलाशी बसलेल्या कारकुनासारखी तेच पुन्हा ओरडली. तिचा आवाज बाबांपेक्षा मोठा होता.